सारंगखेड्याच्या उतारावर सुटलेला गिअर

दचकू नका. अंगणातल्या या लोखंडी पेटीतूनच आवाज येतोय. मी एका जुन्या सर्व्हिस मोटारीचा गिअरबॉक्स बोलतोय.

मला डोळे नाहीत. इंजिनाच्या मागे, फळ्यांच्या खाली, चिखलाधुळीत माझी जागा. पण फळ्यांवर कोण काय बोललं ते मला ऐकू यायचं. आणि माझ्यातून वर गेलेल्या दांडीवर ज्याचा हात पडायचा, त्याच्या मनात काय आहे ते मला त्या हातावरून कळायचं. घाबरलेला हात वेगळा, घाईतला वेगळा. रागावलेला हात तर दात ओरबाडल्याशिवाय गिअर टाकतच नाही.

माझं काम साधं. इंजिनात जोर तयार होतो, तो चाकांपर्यंत पोचवायचा. चढावर जोर जास्त द्यायचा, सपाटीवर वेग द्यायचा, उतारावर गाडी धरून ठेवायची. त्यासाठी माझ्या पोटात दातेरी चक्रं आहेत, ती फिरवणारे दांडे आहेत आणि त्या सगळ्यांना न्हाऊ घालणारं जाड तेल आहे. तेल हे माझं रक्तच म्हणा. ते आहे तोवर मी आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. ओतलेलं लोखंड, तापलेली भट्टी, कानठळ्या बसवणारे घाव, एवढंच आठवतं. बोटीतून मुंबईला आलो आणि एका लॉरीच्या पोटाखाली मला बसवलं. नवापूरच्या जंगलात लाकडं वाहणाऱ्या ठेकेदाराकडे ती लॉरी होती. त्याच्याकडे माझ्याच जातीची आणखी एक लॉरी होती. आम्ही दोन-तीन वर्षं सागाचे ओंडके ओढले. नंतर ती दुसरी लॉरी जंगलातच बंद पडली आणि ठेकेदारानं आमची विकून टाकली.

विकत घेतली रनाळ्याच्या नवल पाटलांनी. घरची शेती चांगली, पण नवलभाऊंना मोटारीचं वेड. नंदुरबारच्या सुतारांनी लॉरीवर लाकडी सांगाडा चढवला, बाकडी ठोकली, आणि आम्ही प्रवासी नेणारी सर्व्हिस मोटार झालो. नंदुरबार स्टेशनावरून निघायचं, रनाळे घ्यायचं आणि तापीच्या काठावर जाऊन थांबायचं. समोर पलीकडच्या काठाला सारंगखेडा. तिकडे जायला नाव. मोटारीचा भोंगा ऐकला की नवलभाऊ पानाची पिंक टाकून म्हणायचे, "उनी मन्ही रानी!" माणूस दिलदार होता. वाटेत कोणी म्हातारी चालत दिसली, तर गाडी थांबवून तिला वर घ्यायला लावायचे.

आणि गाडी चालवायला होता पौलस.

पौलस नवापूरच्या डोंगराकडचा, गायकवाडी हद्दीला लागून असलेल्या एका पाड्यातला. ठेकेदाराकडेही तोच माझा ड्रायव्हर. लॉरी विकली तेव्हा तो म्हणाला, "गाडीबरोबर मीही जातो." त्याची बायको हन्ना पाड्यावर शेत सांभाळायची, हा इकडे मोटार सांभाळायचा. महिन्यातून कधीतरी रेल्वेनं घरी जाऊन यायचा. त्याच्या डाव्या हाताचा तळवा दांडीच्या मुठीवर असा बसायचा, की गिअर पडला हे मलाही उशिरानं कळावं. गाणं गुणगुणताना तो बोटांनी मुठीवर ठेका धरायचा. आमच्यात याहून जास्त बोलणं कधी झालं नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

मग दुसरी मोठी लढाई, महायुद्ध सुरू झालं. पेट्रोल मिळेना. मोटारीच्या मागे कोळशाच्या गॅसची भलीमोठी टाकी बसली. गाडी धूर ओकत, धापा टाकत चालू लागली. आणि त्याच दिवसांत माझं तेल गळायला लागलं.

माझ्या मागच्या तोंडातून दांडा बाहेर पडतो. तिथून तेल निसटू नये म्हणून लोकरीच्या दाबलेल्या जाड कापडाची एक कडी असते. ती सुकून फाटली. नवी कडी मुंबईहून यायची, पण लढाईमुळे सुटे भाग येणं बंद झालेलं. मोटार जिथं उभी राहील तिथं खाली काळं थारोळं. नवलभाऊंची आई छबूबाई कुरकुरायची, "आंगन बिघाडी टाकं इनी!"

पौलसनं आधी ताग आणि सफेदा भरून पाहिला. नंतर साबण चोळून पाहिला. एकदा मोच्याकडून चामड्याची कडी कापून आणली. ती थोडे दिवस टिकली, मग जळून गेली. मला आतून कळत होतं की काय हवंय. मऊ हवं, पण दाबलेलं हवं. तेल प्यायलं तरी फुगून फाटणार नाही असं हवं. पण कळून काय उपयोग? ते सांगणार कुणाला, आणि कसं?

शेवटी ते मिळालं सारंगखेड्याच्या जत्रेच्या दिवसांत. डिसेंबरात दत्ताच्या जत्रेला तिथं घोड्यांचा बाजार भरतो. घोड्यांबरोबर जिनवालेही येतात. त्यांतला एक मगन. काठावर नावेची वाट बघत बसलेल्या मगनशी पौलस बोलत होता. मगननं घोडीच्या पाठीवरचं जिनाखालचं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं अस्तर त्याला चाचपायला दिलं.

"आसं काही पायजे का तुले?"

पौलसनं ते चोळून, ताणून बघितलं. "आसंच पायजे. पन मोटारले चाली का?"

मगन हसला. "घोडानी पाठवर चालस, ते तुन्हा लोखंडले बी चाली." आणि त्यानं आपल्या गाठोड्यातून नमद्याचा चांगला जाड तुकडा काढून त्याला दिला. मोबदला घेतला नाही. म्हणाला, "परतीले माले नंदुरबारपावत बसाडी ले, झायं!"

त्या नमद्याची कडी पौलसनं चरबीत भिजवून बसवली, आणि माझं गळणं थांबलं. वर्षभर अंगण स्वच्छ राहिलं. परतीच्या वाटेवर मगन पौलसच्या शेजारी बसला होता. दोघं घोड्यांच्या आणि मोटारींच्या खोडी एकमेकांना सांगत राहिले. मला वाटलं होतं, हे असंच चालत राहील.

पण झीज काही थांबत नाही. गळतीच्या काळात मी पुष्कळदा कोरडा धावलो होतो. त्यात माझ्या मागच्या दांड्याचं बेअरिंग सैल झालं. दांडा जागच्या जागी हलायला लागला, आणि हलणाऱ्या दांड्यावर कुठलीही कडी टिकत नाही. तेल पुन्हा ठिबकू लागलं. गिअरचं तेल मिळेना म्हणून पौलस एरंडेल ओतायचा. ते निम्म्या वाटेतच गळून जायचं. कोरडे दात एकमेकांवर घासायचे आणि मी किंचाळायचो. प्रवासी म्हणायचे, मोटार गाते आहे.

पुढच्या जत्रेचा दिवस उजाडला. रनाळ्याला गोठ्याशेजारी मोटार उभी होती. पौलस माझ्याखाली आडवा पडून माझा मागचा दांडा हातानं हलवून बघत होता. नवलभाऊ आले. तेव्हा तिथं ते दोघं होते, आणि मी. दुसरं कोणी नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

पौलस बाहेर आला नि म्हणाला, "भाऊ, येले आते उघाडनंच पडी. मांगलं बेअरिंग हाली ऱ्हायनं. तेल बी सरी गयं."

"आज?" नवलभाऊ म्हणाले. "आज जत्रा शे रे! लोके स्टेशनवर वाट दखी ऱ्हायनात. जत्रा व्हई जाऊ दे, मंग तू म्हनशी तितला दिन गाडी हुबी करू."

"काठना उतारवर गिअर सुटना तर? ब्रेकबी धड नहीत."

"तू शे ना बठेल! धीरे चालाड."

पौलसनं चिंधीला हात पुसले. "भाऊ, मी सांगी ऱ्हायनू," तो पुन्हा म्हणाला, या वेळी हळू आवाजात.

"आयकं ना बाप मी," नवलभाऊ हसून म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून आत गेले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की काही होणार नाही.

मला ओरडून सांगायचं होतं, पौलस म्हणतो ते खरं आहे, मी आज उतार धरू शकणार नाही. पण मोटार सुरू झाली, आणि माझा आवाज म्हणजे नेहमीचीच घरघर.

गाडी खचाखच भरली होती. नवलभाऊ स्वतः पुढच्या बाकावर बसले होते. पौलसनं वाटेत एकदाही गाणं म्हटलं नाही. तापीचा काठ आला. तिथं रस्ता उंच दरडीतून कापून खाली पाण्याकडे उतरतो. खाली नावेसाठी थांबलेल्या माणसांचा कलकलाट, बैलांच्या घंटा, घोड्यांचं खिंकाळणं वरपर्यंत ऐकू येत होतं. पौलसनं मला दुसऱ्या गिअरमध्ये टाकलं आणि हात मुठीवरून काढलाच नाही. तो मला धरून बसला होता.

अर्धा उतार मी काढला. सगळ्या गाडीचं ओझं मागून माझ्या दातांवर रेटत होतं. दांडा हलला, दात घसरले, पुन्हा अडकले. पौलसनं मूठ आणखी घट्ट दाबली. मग एक हिसका बसला आणि मी सुटलो.

ते सुटणं कसं असतं, ते सांगता येत नाही. इंजिन एकीकडे, चाकं एकीकडे, आणि मधे मी, कशालाच न धरलेला. पौलस दांडी पुढे रेटत होता, दात दातांवर आपटून ठिणग्या उडत होत्या, पण धावत्या गाडीत मला परत अडकणं जमेना. वर बायका किंचाळायला लागल्या. ब्रेक नुसते कण्हत होते.

सरळ गेलो असतो तर खालच्या गर्दीत शिरलो असतो. पौलसनं उजव्या हातानं चाक फिरवलं आणि गाडी दरडीवर घातली. त्या बाजूला माणसं नव्हती. एक घोडी तेवढी बांधलेली होती.

धडक बसली. पुढचा पत्रा आत घुसला आणि दांडीवरचा पौलसचा हात पत्रा नि दांडीच्या मधे चिरडला. त्यानं शेवटपर्यंत मूठ सोडली नव्हती. घोडीचं एक खिंकाळणं ऐकू आलं, आणि मग ऐकू आलं नाही.

"मन्ही घोडी! मन्ही घोडी मारी टाकी!" तो आवाज मी ओळखला. तो मगनचा होता.

प्रवाशांना खरचटलं, कुणाचं डोकं फुटलं, पण माणूस कोणी गेलं नाही. तरी जमाव चिडला होता. "ड्रायवर पियेल व्हता!" कोणीतरी ओरडलं. "उतारवर दांडी सोडी दिधी त्यानी!" मगन रडत रडत पौलसला शिव्या देत होता. हवालदार आला. त्यानं नवलभाऊंना विचारलं, "पाटील, मोटारीत बिघाड होता, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

नवलभाऊंचा श्वास मला ऐकू येत होता. ते मोटारीला टेकून उभे होते.

"माले कोनी काही सांगेल नव्हतं," ते म्हणाले.

वाळूवर आडव्या पडलेल्या पौलसनं मान वर केली असावी. "भाऊ," तो म्हणाला, "सकायमाच सांगं ना मी तुमले."

"खोटं बोलस," मगन गरजला. "मालक काय आपलीच गाडी फोडाले पाठाडी का?"

नवलभाऊंनी पुढे तोंड उघडलं नाही. मी तिथंच होतो. सकाळचा शब्द न् शब्द माझ्यापाशी होता. माझ्या फुटक्या तोंडातून एरंडेलाचे उरलेसुरले थेंब दरडीच्या मातीवर ठिबकत होते. तेवढंच माझं बोलणं, आणि ते कोणी ऐकलं नाही.

पौलसचं लायसन गेलं. हात वाचला, पण डाव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. हन्ना येऊन त्याला पाड्यावर घेऊन गेली.

मोटारीचा सांगाडा नीट झाला. मला मात्र खाली उतरवून कोपऱ्यात ठेवलं. नंदुरबारच्या मिस्त्रीनं उघडून बघितलं आणि सांगितलं, दांडा नि बेअरिंग नवं लागेल, लढाई संपेतोवर मिळणार नाही. तेव्हा नवलभाऊंना जंगलात बंद पडलेली ती दुसरी लॉरी आठवली असेल. निदान मला पौलसकडे न्यायचं कारण म्हणून लोकांना त्यांनी तसं सांगितलं. पण रात्री-बेरात्रीच नव्हे, भर दुपारीही हा माणूस माझ्याजवळ येऊन नुसता बसून राहायचा, हे मी अनुभवलं आहे. एकदा त्यांनी माझ्या दांडीवर हात ठेवला. चालवायला न येणारा, घामेजलेला हात.

मला रेल्वेनं नवापूरला नेलं आणि तिथून बैलगाडीनं पौलसच्या पाड्यावर. नवलभाऊ बरोबर होते. पौलसच्या अंगणात मला उतरवलं. मग पौलसच म्हणाला, "बठा भाऊ." हन्नानं पाणी दिलं.

नवलभाऊ चाचरत म्हणाले, "तठली लॉरी तुले मालूम शे. तिन्हातला दांडा काढीसन येले बसाडता उना तर…"

पौलसनं "बघतो" म्हणून मान हलवली असावी, कारण लगेच हन्ना बोलली. मिशनच्या शाळेत ती थोडं शिकली होती. परक्यांशी ती पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची.

"आम्ही दुरुस्त करू, भाऊ. काम आमचं आहे. पण नेण्याआधी तुम्ही सारंगखेड्याच्या काठावर जा. त्या दिवशी तिथं जे बोललात, ते तिथंच, त्याच माणसांसमोर परत घ्या. मग याला घेऊन जा."

"हन्ना," पौलस हळूच म्हणाला.

"मी भांडत नाही," ती म्हणाली. "यांच्या हाताची बोटं परत मागत नाही. यांचं चांगलं नाव मागते."

नवलभाऊ म्हणाले, "सांगसू, बहीन. या जत्रामाच सांगसू." मला तो आवाज खोटा वाटला नाही. आजही वाटत नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. दोघं बैलगाडी घेऊन जंगलात गेली आणि त्या मेलेल्या लॉरीचा दांडा नि बेअरिंग काढून आणली. पौलसचा एकच हात कामाचा. दुसरा हात हन्ना झाली. तो आपल्या बोलीत सांगायचा आणि ती माझ्या पोटात बोटं घालून चाचपायची. पहिल्यांदा ती हसली आणि काहीतरी म्हणाली. पौलसही हसला. ती बोली मला नवी होती, पण पुढे रोज ऐकून कळू लागली. ती म्हणाली होती, "याला तर मगरीसारखे दात आहेत."

रॉकेलनं त्यांनी मला धुतलं. झिजलेला दांडा काढून दुसरा बसवला. मागच्या तोंडासाठी हन्नानं जाड घोंगडीचा तुकडा कापला, रानातल्या पोळ्याचं मेण आणि एरंडेल कढवून त्यात भिजवला, दगडाखाली दाबून ठेवला आणि त्याची कडी केली. पौलस म्हणायचा, "घट्ट. नाही, इतकं नाही. आता बरोबर." कडी बसली तेव्हा मला कळलं, आता थेंबही जाणार नाही. त्यांनी तेल भरलं, माझ्या मागच्या तोंडाखाली सागाचं पान ठेवलं आणि पौलस बसून माझा दांडा फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी हन्नानं पान उचललं.

"कोरडं आहे," ती म्हणाली, आणि ते पान त्याच्या दुखऱ्या हातात दिलं.

मग आम्ही वाट बघू लागलो.

जत्रा आली आणि गेली. नवलभाऊ आले नाहीत. दुसरी जत्रा आली. लढाई संपल्याची बातमी आली. तेव्हा एक दिवस इंद्रसिंग नावाचा माणूस बैलगाडी घेऊन अंगणात उभा राहिला. नवलभाऊंचा नवा ड्रायव्हर.

"भाऊनी पाठाडं माले," तो म्हणाला. "गिअरबॉक्स लई जावाले उनू."

हन्ना उंबऱ्यात होती. "नवलभाऊंनी सारंगखेड्याला सांगितलं का?"

"काय सांगं?" तो गोंधळला. "माले काहीच मालूम नही, बाई."

"जत्रेला जातात का ते?"

"नही. दोन साल झायात, काठपावत जातच नहीत. उतार उना का बैलगाडीमाईन उतरी जातस, नि मांगे फिरतस."

"मग अजून नेता येणार नाही," ती म्हणाली.

इंद्रसिंग गेल्यावर पौलस म्हणाला, "दिला असतास तर चाललं असतं. हा इथं बसून काय करणार? याला धावायला केलंय." चुलीपाशी हन्नाच्या भाकरी थापण्याचा आवाज तेवढा येत राहिला. पौलसनंही पुन्हा विषय काढला नाही. इंद्रसिंगही परत आला नाही. रनाळ्याची ती मोटार मोडीत निघाली आणि नवलभाऊंनी दुसरी घेतली, असं नवापूरच्या बाजारातून ऐकू आलं.

तेव्हापासून मी या अंगणात आहे. माझा मागचा दांडा आता जराही डगमगत नाही. पोटात तेल भरलेलं आहे आणि बाहेर थेंब नाही. मला लावायला मात्र मोटार उरलेली नाही. कोंबड्या माझ्यावर बसतात. उन्हात मी तापतो, हन्ना माझ्यावर मिरच्या वाळत घालते. संध्याकाळी पौलस येऊन बसतो आणि डाव्या हाताचा तळवा दांडीच्या मुठीवर ठेवतो. बोटं मिटत नाहीत, म्हणून तळव्यानंच रेटतो. पहिला गिअर. दुसरा. तिसरा. मी हलकेच अडकतो. त्याच्यासाठी तेवढंच करता येतं मला.

नवलभाऊंवर माझा राग नाही. एक वाक्य परत घेणं माणसाला इतकं जड का जातं, ते मात्र माझ्या लोखंडी डोक्यात शिरत नाही. तो उतार उतरायचं धाडस त्यांना कधी होईल, मला माहीत नाही. मी जाऊन त्यांना आणू शकत नाही. मी कुठंच जाऊ शकत नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. तुम्ही कधी जत्रेला सारंगखेड्याला गेलात, तर घोड्यांच्या बाजारात जिनवाल्या मगनचं पाल कुठं आहे ते विचारा. त्याला म्हणावं, पौलस प्यायला नव्हता. त्यानं दांडी सोडली नव्हती. गाडी सुटायच्या आधी त्यानं मालकाला सांगितलं होतं, एकदा नव्हे, दोनदा.

तो विचारेल, "तुमले कोन सांगं?" त्याला काय उत्तर द्यायचं, ते मलाही सुचत नाही. गिअरबॉक्सची साक्ष कोण मानणार?

तरीही सांगा.